तुमचा एक महिना, त्याचं एक वर्ष

ती फिल्म टेबलावर ठेव. चुरगाळू नकोस, कचऱ्यात टाकू नकोस. चौघींनी आधी ती नीट बघा. बिस्किटाएवढा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा, आणि त्यावर लाल अक्षरांत लिहिलंय की कूलर बसवण्याआधी हा काढा. दहा महिने हा तुकडा प्रोसेसर आणि कूलर यांच्या मध्ये बसून होता. खाली थर्मल पेस्ट, वर कूलरचं तांबं आणि मध्ये प्लॅस्टिक. इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या चार मुलींनी मिळून यंत्र जोडलं आणि चौघींपैकी एकीलाही ते वाक्य वाचावंसं वाटलं नाही.

मघाशी दारात उभं राहून तू मला काय सांगितलंस? ‘मॅडम, प्रोसेसरच खराब निघाला. वॉरंटीत परत पाठवतोय.’ अर्जही भरून आणलास. त्यात ‘वापर कसा होता’ या रकान्यात लिहिलंस, ‘सामान्य’. हा शब्द वाचून मला जेवढा राग आला तेवढा ती फिल्म बघूनही आला नाही. फिल्म विसरणं ही चूक आहे, आणि चूक माणसाच्या हातून होते. ‘सामान्य’ लिहिणं ही चूक नाही.

काल संध्याकाळी मी तुमच्या खोलीवर आले होते ते सामान्य वापर बघायलाच. कर्वेनगरातल्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंना बांधकाम सुरू आहे. बाहेर उभ्या केलेल्या गाडीच्या सीटवर दुपारपर्यंत बोट फिरवून नाव लिहिता येईल एवढी धूळ बसते. खिडक्या रस्त्याच्या बाजूला. आणि यंत्र कुठे? माळ्याखालच्या भिंतीतल्या कपाटात, दारं लावून. का, तर पंख्याच्या आवाजाने कॉटवरच्या मुलीला झोप लागत नाही. वर दाराच्या फटीत ओढणी खुपसलेली. वारा यायला जी एक बोटभर जागा उरली होती, तीही तुम्ही बुजवलीत.

तुमचं यंत्र जोरात चालतं तेव्हा साधारण ३०० वॅट खातं. दहा तास चाललं की ३ युनिट. संगणकाला दिलेली वीज जाते कुठे, हे मी तुम्हाला दुसऱ्या वर्षाला शिकवलंय. ती गणितात मुरत नाही. जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे तुम्ही कपाटात ३०० वॅटची शेगडी पेटवून दार लावून झोपत होतात, मे महिन्यातसुद्धा.

आता तुझा युक्तिवाद. तो तू काल जिन्यात ऐकवलास आणि मी मुद्दाम तिथे उत्तर दिलं नाही. ‘मॅडम, मर्यादा शंभर अंशांची आहे. आपला अठ्ठ्याण्णवला चालत होता. म्हणजे मर्यादेच्या आतच.’ त्या शंभराचा अर्थ तुला कळलेला नाही. त्या अंकापाशी प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करायला लागतो. तो जिन्याचा कठडा आहे. दहा महिने कठड्याला रेलून उभं राहायचं आणि वर म्हणायचं, पडले तर नाही ना? तापमानाचं नुकसान एका विशिष्ट अंकाला सुरू होत नाही आणि त्याच्या एक अंश खाली थांबतही नाही. ते साठालाही होतं, फक्त इतकं हळू की यंत्र जुनाट होऊन बाजूला पडेपर्यंत कुणाला जाणवत नाही. वरच्या तापमानाला त्याचा वेग वाढतो. किती वाढतो, ते तुला काढता यायला हवं होतं.

अऱ्हेनियस हे नाव तू बारावीच्या रसायनशास्त्रात पाठ केलंस. १८८९ साली त्या स्वीडिश माणसाने उसाच्या साखरेचं पाण्यात विघटन कोणत्या तापमानाला किती वेगाने होतं याचा अभ्यास केला आणि वेग तापमानाबरोबर घातांकी पद्धतीने वाढतो, असं मांडलं. तेच समीकरण आज प्रोसेसरचं आयुष्य मोजायला वापरतात, कारण आतमध्ये जे झिजतं तेही अणूंच्या पातळीवर घडणाऱ्या क्रियांमुळेच झिजतं. सक्रियण ऊर्जा ०.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट धर. सिलिकॉनच्या हिशेबात हा आकडा सर्रास धरतात. तापमान केल्विनमध्ये घाल. साठ अंश आणि अठ्ठ्याण्णव अंश. गुणोत्तर येतं १२ च्या आसपास. फळ्यावर करून दाखवू? नको. तूच कर, आत्ता, माझ्यासमोर.

आलं? बारा पट. म्हणजे नीट वारा मिळालेलं, साठ अंशांवर चालणारं यंत्र एका वर्षात जेवढं झिजेल, तेवढं तुम्ही तुमचं एका महिन्यात झिजवलंत. दहा महिन्यांत दहा वर्षं. जिथे राहता त्या वस्तीला नाव आहे धोंडो केशव कर्व्यांचं. तो माणूस फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचा, आणि १९०० साली या हिंगण्याच्या माळावर त्याने झोपडी उभी केली ती विधवा मुलींनी शिकावं म्हणून. त्या मातीवर राहून घातांकी वाढ ही फक्त परीक्षेत लिहायची गोष्ट आहे असं तुम्ही धरून चाललात, याचं मला वाईट वाटतं.

‘दर दहा अंशांना आयुष्य निम्मं’ हे वाक्य तुमच्यातल्या एकीने ऐकवलं. तेही मंत्रासारखं म्हणू नका. ०.७ धरून साठावरून सत्तरावर गेलं तर वेग दुप्पट होतो, ऐंशीवरून नव्वदवर गेलं तर दुपटीपेक्षा थोडा कमी. म्हणजे तो ठोकताळा आहे, नियम नाही. एसएमपीएसमधल्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातल्या, इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरला तो बराच नीट लागू पडतो, कारण त्यांच्यातला द्रव उष्णतेने हळूहळू उडून जातो. प्रोसेसरमध्ये झिजेचे प्रकार अनेक, आणि प्रत्येकाची सक्रियण ऊर्जा वेगळी. जुन्या पिढीच्या ट्रान्झिस्टरमध्ये तर एक प्रकार असा होता की तो थंडीत जास्त जोर करायचा. समीकरण लावण्याआधी कशाला लावतोय ते बघावं लागतं.

आणि कंपनी दहा वर्षांचं आयुष्य कशावरून सांगते? दहा वर्षं थांबून नाही. नमुन्यादाखल चिप १२५ अंशांच्या भट्टीत १००० तास चालवतात, आणि त्यावरून कमी तापमानाचा हिशेब मांडतात. हेच ०.७ धरलं तर १२५ चे १००० तास म्हणजे ५५ अंशांचे सुमारे ७८,००० तास, जवळजवळ नऊ वर्षं. तोच हिशेब तुझ्या ९८ अंशांना लाव. ४,४०० तास. सलग चालवलं तर सहा महिने. त्यानंतर प्रोसेसर मरतो असा याचा अर्थ नाही. त्या चाचणीने दिलेली हमी तिथे संपते, एवढाच अर्थ आहे. पुढचा प्रवास तुम्ही हमीशिवाय करत होतात, आणि तुम्हाला ते माहीतही नव्हतं.

आत काय झालं ते आता ऐका, कारण तुमचा प्रकल्प नेमका त्याच विषयावर आहे आणि तुम्हाला साम्य दिसलं नाही. तुम्ही मुठेच्या पुराचं गणित मांडताय. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, ते कसं आणि किती उंचीपर्यंत, हे तुम्ही या यंत्रावर रात्र रात्र चालवत होतात. राजाराम पुलावर उभं राहून तुम्ही पात्राचे फोटो काढलेत. पाण्याला वेग असला की ते एका ठिकाणची वाळू उचलतं आणि पुढे नेऊन टाकतं. एकीकडे खड्डा पडतो, दुसरीकडे उंचवटा येतो. प्रोसेसरमधल्या तांब्याच्या तारा केसापेक्षा हजारो पटींनी बारीक आहेत. त्यांतून इलेक्ट्रॉनांचा लोंढा वाहतो, तो तांब्याच्या अणूंना ढकलत नेतो. मागे पोकळी राहते, पुढे ढीग साचतो. पोकळी वाढत गेली की तार तुटते, ढीग वाढला की शेजारच्या तारेला टेकतो. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. जेम्स ब्लॅकने १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याचं समीकरण मांडलं. त्यात दोन गोष्टी आहेत, प्रवाह किती दाट आणि तापमान किती. अणू जितका तापलेला, तितका तो जागेवरून सुटायला तयार. आयबीएमने १९९७ मध्ये ॲल्युमिनियम सोडून तांब्याच्या तारा जाहीर केल्या, त्यामागे वेगाबरोबर हेही एक कारण होतं, तांबं या धक्क्याला जास्त टिकतं.

दुसरी झीज ट्रान्झिस्टरच्या दारातली. तिथला विद्युतरोधी थर काही मोजक्या अणूंच्या जाडीचा असतो. व्होल्टेज आणि उष्णता दोन्ही मिळून त्यात विद्युतभार अडकवत जातात. ट्रान्झिस्टर उघडायला मग थोडं जास्त व्होल्टेज लागतं, उघडायला थोडा जास्त वेळ लागतो. यंत्र बंद ठेवलं तर यातलं थोडं भरून येतं, सगळं येत नाही. या झिजेचा आवाज होत नाही, वास येत नाही, पडद्यावर काही दिसत नाही. एक दिवस असा येतो की कालपर्यंत ज्या वेगाला आणि ज्या व्होल्टेजला प्रोसेसर बिनचूक चालत होता, त्याच वेगाला आणि त्याच व्होल्टेजला तो अडखळतो.

तुमच्याकडे हेच झालंय. मी काल बायोस सगळा मूळ मांडणीवर आणून बघितला, तरी बंद पडतो. वेग ३०० मेगाहर्ट्झने उतरवला की चालतो. नवा होता तेव्हा उतरवावा लागत नव्हता.

आणि आता तुझ्या एकटीच्या नावावरचा भाग. उरलेल्या तिघींनी ऐकावं, पण हे तुझ्यासाठी आहे. डिसेंबरात यंत्र हळू झालं. का हळू झालं? फिल्ममुळे उष्णता बाहेर जाईना म्हणून प्रोसेसर स्वतःला वाचवत होता. तू काय केलंस? बायोसमध्ये जाऊन तापमानाची मर्यादा वर सरकवलीस आणि व्होल्टेजही वाढवलंस. कुणाचा तरी व्हिडिओ बघितलास. त्या माणसाचं यंत्र उघड्या टेबलावर, तीन पंख्यांखाली होतं. तुझं कपाटात होतं, प्लॅस्टिकच्या तुकड्याखाली. तापलेल्या माणसाने थांबून श्वास घ्यावा आणि त्याला चाबूक मारावा, तसं हे झालं. वाढीव व्होल्टेजने उष्णता वाढली. उष्णता वाढली की ट्रान्झिस्टरमधून बंद असतानाही वीज जास्त झिरपते, त्याने आणखी उष्णता. त्या सगळ्याने झीज वाढली, आणि झिजलेल्याला चालायला आणखी व्होल्टेज हवं. एप्रिलमध्ये तू ते पुन्हा वाढवलंस. तुझ्याच वहीत तारीख आहे.

व्होल्टेजचं पाप तापमानापेक्षा मोठं असू शकतं, हे तुला माहीत असायला हवं होतं, कारण ती बातमी जगभर गाजली. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर २०२४ मध्ये मोठ्या संख्येने अडखळू लागले. कंपनीने शोधून सांगितलं की गाभ्यातला घड्याळाचे ठोके वाटणारा एक मंडलभाग जास्त व्होल्टेज आणि तापमानाखाली लवकर म्हातारा होतो, आणि प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. मायक्रोकोड दुरुस्त करून दिला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण जे आधीच झिजले होते ते त्या दुरुस्तीने बरे झाले नाहीत. जगातल्या मोठ्या कंपनीकडून हे अजाणता झालं, तर तिने उघड्यावर सांगितलं आणि भरपाई केली. तू जाणूनबुजून केलंस आणि रकान्यात ‘सामान्य’ लिहिलंस.

उद्या ‘आम्ही पंधरा हजारांचा लिक्विड कूलर घेतो’ म्हणून येऊ नका. कालच कुणीतरी किमती काढत होतं. पाणी उष्णता गिळत नाही, फक्त इकडून तिकडे नेतं. ती शेवटी रेडिएटरमधून हवेतच सोडायची असते. बंद कपाटात पाण्याचा कूलर लावलात तर तेच कपाट तापेल, फक्त जास्त पैसे घालून. पाषाणला आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक आहे, सी-डॅकने उभा केलेला. त्यात प्रोसेसरला भिडलेल्या पत्र्यांमधून द्रव फिरवून उष्णता थेट उचलतात. तिथून जवळच आयआयटीएममध्ये जानेवारी २०१८ पासून ‘प्रत्यूष’ हा महासंगणक हवामानाचं गणित करू लागला. ज्या पावसाचा तुम्ही अभ्यास करताय त्या पावसाचंच. याच पुण्यात १९९१ मध्ये ‘परम ८०००’ झाला. या शहरात ज्यांनी मोठी यंत्रं उभी केली त्यांना पहिल्यापासून हाच प्रश्न सोडवावा लागला की यातली उष्णता इमारतीच्या बाहेर कशी न्यायची. तुमच्या पातळीवर त्या प्रश्नाचं उत्तर फुकट होतं. फिल्म काढायची, कपाटाचं दार उघडायचं, ओढणी काढायची, दर दोन महिन्यांनी ब्लोअरने धूळ उडवायची. धूळ उडवताना पंखा बोटाने धरून ठेवायचा, भिरभिरू द्यायचा नाही.

‘नाहीतरी तीन वर्षांत यंत्र जुनं होणार, आयुष्य वाढवून करायचं काय?’ हे तू मला विचारू नकोस, पण मनात आहे ते मला दिसतंय. नीट वागवलेला प्रोसेसर बहुतेक वेळा यंत्रातल्या इतर सगळ्या भागांपेक्षा जास्त जगतो, हे खरं आहे. माझ्या घरी २००९ चं एक यंत्र आहे. उन्हाळा संपला की एकदा आणि दिवाळीआधी एकदा मी ते उघडून साफ करते, चार वर्षांनी पेस्ट बदलते. एसएमपीएस दोनदा बदलला, डिस्क दोनदा. प्रोसेसर तोच. समोरच्या इमारतीतल्या वॉचमनची मुलगी आज त्यावर टायपिंग शिकते. तीन वर्षांनी तुम्ही नोकरीला लागाल, नवं घ्याल. पण हे यंत्र तेव्हाही कुणाच्या तरी उपयोगाचं असायला हवं होतं. चार घरांनी पैसे काढले त्यासाठी. तुझ्या वडिलांनी कुठून काढले ते तू मला पहिल्या वर्षी सांगितलं होतंस, मी ते इथे तिघींसमोर बोलणार नाही.

आणि यंत्रापेक्षा मोठं नुकसान पुढे आहे. झिजलेला प्रोसेसर बंद पडतो, तेव्हा निदान कळतं तरी. तो बंद न पडता चुकीचं उत्तर देतो तेव्हा काय? २०२१ मध्ये गूगलच्या आणि फेसबुकच्या अभियंत्यांनी वेगवेगळे लेख लिहून सांगितलं की त्यांच्या हजारो यंत्रांमध्ये काही प्रोसेसर असे सापडतात, जे कुठलीही तक्रार न करता अधूनमधून चुकीचं गणित करतात. दिवा लागत नाही, पडदा निळा होत नाही. आकडा मात्र चुकलेला असतो. तुमचा प्रोसेसर एप्रिलपासून अडखळतोय. एप्रिल आणि मेमध्ये तुम्ही एकतानगरीच्या पाण्याच्या किती पातळ्या काढल्यात? अहवालात छापल्यात. त्यातली एखादी पातळी अर्ध्या मीटरने चुकली असेल तर? उद्या कुणी त्या आकड्यावर विसंबून तळमजल्यावर म्हाताऱ्या माणसांना राहू दिलं तर? ज्या रात्री लोकांनी कपाटं, गाद्या, औषधं पाण्यात बघितली त्या रात्रीचं गणित तुम्ही हातात घेतलंय. ते अठ्ठ्याण्णव अंशांवर, कपाटात कोंडून, मर्यादा उठवून करायचं नसतं.

सगळ्यात मला काय लागलं, सांगते. तापमानाचा आकडा दहा महिने पडद्याच्या कोपऱ्यात होता. मी स्वतः तुमच्याकडून तो लावून घेतला होता, ऑगस्टमध्ये. नोंदींची फाईल भरत होती. काल मी उघडली तेव्हा पहिल्याच रात्री चौथ्या मिनिटाला ९५ दिसले. चौथ्या मिनिटाला. नव्या यंत्राचं तापमान चार मिनिटांत तिथे जातं, तेव्हा कूलर नीट बसलेला नाही हे समजायला शिक्षक लागत नाही. तुम्ही ती फाईल एकदाही उघडली नाहीत. रोज सकाळी उठून तुमचं उत्तर किती अचूक आलं ते बघत होतात, आणि ज्याच्या जिवावर उत्तर येत होतं त्याच्याकडे बघत नव्हतात.

रडू नकोस. बस. पाणी पी. आणि मग लिहून घे.

तो अर्ज फाडायचा नाही, दुरुस्त करायचा. ‘सामान्य’वर काट मार आणि खाली सही करून खरं लिही. फिल्म राहिली होती, मर्यादा वाढवली होती, व्होल्टेज दोनदा वाढवलं होतं, तारखांसकट. त्यावर त्यांनी बदलून दिला तर त्यांची मर्जी, नाही दिला तर तो वेग उतरवूनच वापरायचा. यंत्र कपाटातून बाहेर, भिंतीपासून वीतभर दूर, जमिनीपासून वर. आवाजाने झोप मोडत असेल तर गणित दिवसा चालवा, रात्री बंद करा. पेस्ट नवी, मुगाच्या दाण्याएवढी, जास्त नाही. मग पूर्ण भार देऊन एक तास चालवा आणि दर मिनिटाचं तापमान कागदावर आलेखात काढा. ऑगस्टच्या पहिल्या रात्रीचा आलेखही शेजारीच काढा, त्याच मापात.

आणि एप्रिलपासूनचं प्रत्येक गणित पुन्हा. एकदा या यंत्रावर, एकदा प्रयोगशाळेतल्या यंत्रावर. मी तिथल्या मॅडमशी बोलले आहे, तुम्हाला दुपारी तीन ते सहा मिळेल. २५ जुलैच्या पाण्याची पातळी सगळ्यात आधी. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी मांडून सोमवारी सकाळी आठला माझ्याकडे या, चौघीही. जिथे दोन आकडे जुळणार नाहीत, ती ओळ अहवालातून मी स्वतः खोडेन.